वक्र पृष्ठभागासाठी मिलिंग कटर निवडताना जुन्या जॉबचा अनुभव कसा वापरावा

वक्र पृष्ठभागाचा नवा जॉब हातात आला की टूलरूममध्ये पहिला प्रश्न ठरलेला असतो: "मागे असाच एक केला होता ना, त्याला कुठला कटर लावला होता?" प्रश्न अगदी योग्य आहे. पण उत्तर मिळतं ते एवढंच, की "सहाचा बॉलनोज (६ मिमी व्यासाचा, गोल टोकाचा कटर) लावला होता." तो सहाचाच का लावला, हे कुणाला सांगता येत नाही. कोपऱ्याचा रेडियस तेवढाच होता म्हणून? आठचा कटर होल्डरसकट (कटर पकडणाऱ्या भागासकट) आत जात नव्हता म्हणून? की त्या दिवशी रॅकमध्ये आठचा शिल्लकच नव्हता म्हणून? पहिली दोन कारणं नव्या जॉबला उपयोगी पडतात. तिसरं कारण नकळत पुढच्या प्रत्येक जॉबमध्ये उतरत जातं आणि काही काळाने "आपल्याकडची पद्धत" होऊन बसतं.

म्हणून जपून ठेवायचं असतं ते कटर ठरवणारं बंधन. कटरचा नंबर त्या बंधनातून आपोआप निघतो. आणखी एक गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते: एका जुन्या जॉबवरून अख्खं टूल उचलू नये. कटरचा आकार, व्यास आणि पोहोच ज्या जॉबवरून घ्यावी, त्याच जॉबवरून ग्रेड (कटरच्या मटेरियलचा प्रकार), कोटिंग आणि वेग घ्यावा असं मुळीच नाही. हे दोन निर्णय वेगळ्या गोष्टींवर अवलंबून असतात, त्यामुळे त्यांची उत्तरंही बऱ्याचदा दोन वेगळ्या जॉबमध्ये सापडतात.

जुन्या अनुभवावरून नवा प्रश्न सोडवण्याच्या पद्धतीला संगणकशास्त्रात केस-बेस्ड रीझनिंग म्हणतात. आमोट आणि प्लाझा यांनी १९९४ मध्ये तिचं चक्र चार टप्प्यांत मांडलं: जुळणारी केस शोधा, ती वापरा, गरजेप्रमाणे सुधारा आणि नवा अनुभव परत साठवा. यासाठी मोठं सॉफ्टवेअर लागत नाही. एक स्प्रेडशीट आणि नोंदी करायची शिस्त एवढ्यावर काम चालू होतं.

पायरी १: जॉबचे तुकडे पाडा

नोंद जॉबच्या नावाने केली की ती पुढे उपयोगाची राहत नाही. "कोअर इन्सर्ट (साच्याचा एक भाग), बॉलनोज ६" एवढ्यावरून काहीच कळत नाही, कारण त्याच इन्सर्टवर उथळ तळ असतो, उभ्याला टेकलेली भिंत असते, आत वळलेला फिलेट (कोपऱ्याची गोलाई) असतो आणि बाहेर फुगलेला खांदाही असतो. चारही ठिकाणी कटर वेगळ्या पद्धतीने कापतो.

हे आकड्यात बघू. १० मिमी व्यासाचा बॉलनोज आडव्या पृष्ठभागावर ०.२ मिमी खोलीने चालतोय. त्याचं फक्त टोक मटेरियलमध्ये आहे. प्रत्यक्ष कापणारा व्यास काढायचं सूत्र सोपं आहे: व्यासातून खोली वजा करा, उत्तराला खोलीने गुणा, वर्गमूळ काढा आणि दुप्पट करा. इथे ९.८ गुणिले ०.२ म्हणजे १.९६, त्याचं वर्गमूळ १.४, म्हणून व्यास २.८ मिमी. १०,००० आरपीएमला कागदावरचा वेग मिनिटाला ३१४ मीटर दिसतो, पण तळावर प्रत्यक्षात ८८ मीटरच मिळतो, आणि अगदी टोकाशी तर शून्य. तोच कटर, तेच आरपीएम, पण भिंतीवर गेला की जवळजवळ पूर्ण १० मिमीवर कापतो. "या कटरला हे आरपीएम चांगलं चाललं" ही नोंद कुठल्या भागावर चाललं हे सांगत नसेल, तर ती पुढच्या माणसाला चुकीच्या वाटेला लावते.

तेव्हा कॅममधलं (कटरचा मार्ग आखणाऱ्या सॉफ्टवेअरमधलं) कर्व्हेचर अॅनालिसिस, म्हणजे वक्रतेची मोजणी, उघडा आणि पृष्ठभागाचे चार-पाच भाग करा. प्रत्येक भागासाठी लिहा: अंतर्वक्र भागाचा सर्वांत लहान रेडियस, बहिर्वक्र भागाचा सर्वांत लहान रेडियस, आडव्यापासूनचा उतार, वरच्या कडेपासूनची खोली, शेजारच्या भिंतीचा ड्राफ्ट (उभ्यापासूनचा कल), सेमी-फिनिशिंगनंतर उरणारा अलाउन्स (शेवटच्या कापासाठी ठेवलेला थर), मटेरियल, हार्डनेस, आणि दोन पासमध्ये किती उंचीचा स्कॅलप (मध्ये उरणारा उंचवटा) चालेल. एवढ्या गोष्टींवर निवड जवळजवळ पूर्ण ठरते.

पायरी २: नोंदीचा तक्ता, आणि त्यातला एक रकाना

वर लिहिलेली भूमिती आणि मटेरियलची माहिती हा नोंदीचा पहिला भाग. दुसऱ्या भागात काय वापरलं ते येतं: कटरचा प्रकार, व्यास, कोपऱ्याचा रेडियस, दातांची संख्या, ग्रेड आणि कोटिंग, होल्डर, होल्डरबाहेरची लांबी, होल्डरमध्ये बसवल्यावर मोजलेला रनआऊट (फिरताना कटर किती डगमगतो), आरपीएम, दातामागे फीड, खोली, स्टेपओव्हर (दोन पासमधलं अंतर), कूलंट की हवा. तिसऱ्या भागात काय झालं ते: मिळालेली फिनिश, मापातला फरक, कटर किती मिनिटं टिकला, झीज नेमकी कुठे दिसली, चॅटर (कापताना येणारी थरथर) आला का.

टिकण्याचं माप सगळ्यांनी एकच धरावं. एंड मिलिंगच्या टूल-लाइफ चाचणीसाठीच्या आयएसओ ८६८८-२ मध्ये सर्व दातांवर सरासरी ०.३ मिमी एकसारखी फ्लँकची (दाताच्या बाजूच्या पृष्ठभागाची) झीज हा निकष आहे. फिनिशिंगला तो फार ढिला पडतो, त्यामुळे स्वतःची मर्यादा त्याहून कमी ठरवा. पण ठरवलेला आकडा तक्त्याच्या डोक्यावर लिहून ठेवा. नाहीतर एकाचे "चाळीस मिनिटं" आणि दुसऱ्याचे "चाळीस मिनिटं" यांचा अर्थच वेगळा निघतो.

आता तो एक रकाना: "हाच कटर का?" इथे एका ओळीचं उत्तर सक्तीचं करा. "फिलेट ४ चा, म्हणून ३ चा रेडियस." "होल्डर भिंतीला लागत होता, म्हणून लांब मान." "दहाचा हवा होता, उपलब्ध नव्हता." हे तिसरं उत्तर लिहायला कुणीही संकोच करू नये. किंबहुना ते लिहिलेलं असलं तरच ती नोंद निवडीच्या कामात धरता येते की नाही, हे नंतर कळतं. तक्त्यातले बाकीचे अर्धे रकाने रिकामे राहिले तरी चालतील, हा मात्र राहू देऊ नका.

पायरी ३: आधी चाळणी लावा

साम्य मोजण्याआधी ज्या केसेस बसणारच नाहीत त्या बाजूला काढा. मशीन तीन अक्षांचं असेल तर पाच अक्षांवर कटर कलवून केलेली केस इथे लागू होत नाही. मटेरियलच्या गटासाठी आयएसओ ५१३ ची विभागणी वापरा: पी म्हणजे स्टील, एम स्टेनलेस, के कास्ट आयर्न, एन नॉन-फेरस, एस उष्णतारोधक मिश्रधातू आणि टायटॅनियम, एच कठीण केलेलं स्टील. ग्रेड आणि वेग यांच्यासाठी ही चाळणी कडक ठेवा. व्यास आणि पोहोच यांच्यासाठी ती ढिली सोडा, कारण ४ मिमीच्या फिलेटमध्ये काय मावतं हे मटेरियल ठरवत नाही.

पायरी ४: साम्य दोनदा मोजा

साम्य मोजायची साधी रीत अशी: नव्या आणि जुन्या आकड्यातला फरक घ्या, त्याला त्या गुणधर्माच्या तक्त्यातल्या पूर्ण पल्ल्याने भागा आणि उत्तर १ मधून वजा करा. प्रत्येक गुणधर्माला वजन द्या आणि बेरीज करा.

समजावण्यासाठी आकडे घेऊ. नवा भाग: एच१३ स्टील, ५० एचआरसी (रॉकवेल हार्डनेस), तळाचा फिलेट ४ मिमी, खोली ३२ मिमी, भिंतीला ३ अंश ड्राफ्ट, तीन अक्षांचं मशीन. खोलीला फिलेट रेडियसने भागलं की ८ येतात. पोहोच किती अवघड आहे हे हा आकडा चांगलं सांगतो.

तक्त्यात तीन केसेस आहेत. 'अ': पी२० स्टील, ३० एचआरसी, फिलेट ४, खोली ३०, म्हणजे गुणोत्तर ७.५. 'ब': एच१३, ५२ एचआरसी, फिलेट ३, खोली १५, गुणोत्तर ५. 'क': एच१३, ४८ एचआरसी, फिलेट १०, खोली २५, गुणोत्तर २.५. पल्ले धरू: हार्डनेस ३०, फिलेट १०, गुणोत्तर १०.

पहिली मोजणी आकार आणि पोहोचीसाठी. वजनं: हार्डनेस ०.२, फिलेट ०.४, गुणोत्तर ०.४. 'अ' ला ०.८५, 'ब' ला ०.८३, 'क' ला ०.५३ मिळतात. दुसरी मोजणी ग्रेड आणि वेगासाठी. वजनं: हार्डनेस ०.७, फिलेट ०.१, गुणोत्तर ०.२. आता 'ब' ०.८८ वर जाते, 'क' ०.७८ वर आणि 'अ' ०.५२ पर्यंत घसरते.

एकच मोजणी केली असती तर कुठलीतरी एक केस जिंकली असती आणि तिच्याबरोबर निम्मी चुकीची माहिती आली असती. इथे उत्तर स्पष्ट आहे: कटरची घडण 'अ' कडून, ग्रेड आणि वेग 'ब' कडून.

वजनं कुठून आणायची? सुरुवातीला अनुभवी माणसांना बसवून ठरवा. मग तक्त्यातलीच एकेक जुनी केस झाकून ठेवा, उरलेल्यांवरून ती शोधून बघा. सुचवलेला कटर आणि प्रत्यक्षात यशस्वी झालेला कटर जुळत नसतील तर वजनं हलवा. आणि 'अ' व 'ब' मधल्या ०.०२ च्या फरकावर फार विसंबू नका. गुण इतके जवळ आले की दोन्ही नोंदी उघडून "हाच कटर का?" वाचा. कौल तिथे मिळतो.

पायरी ५: उचललेलं हिशेबाने बसवून घ्या

जुन्या केसने दिशा दिली. आता प्रत्येक आकडा नव्या भागाला बसतो का ते पडताळायचं.

*रेडियस.* फिलेटइतक्याच रेडियसचा बॉलनोज कोपऱ्यात गेला की एकदम मोठ्या कमानीवर धरला जातो, बल वाढतं आणि चॅटर येतो. म्हणून कटरचा रेडियस फिलेटच्या ७० ते ८० टक्के ठेवावा. 'अ' मध्ये ६ मिमीचा बॉलनोज होता. रेडियस ३, म्हणजे ४ च्या ७५ टक्के. बसतो.

*पोहोच.* 'अ' मध्ये होल्डरबाहेरची लांबी ३२ होती, इथे ३४ लागेल. कटरचा वाक लांबीच्या तिसऱ्या घाताने वाढतो, म्हणजे फक्त २ मिमीने वाक २० टक्के वाढला. वर मटेरियल कठीण, त्यामुळे बलही जास्त. व्यासाचा परिणाम तर चौथ्या घाताने होतो: त्याच लांबीला आठऐवजी सहाचा घेतला की वाक तिपटीहून जास्त. इथे फिलेटमुळे व्यास वाढवता येत नाही, म्हणून दोन गोष्टी करायच्या. भिंतीला ३ अंश ड्राफ्ट आहे, तेव्हा सरळ मानेऐवजी बाजूला दीड अंशाची टेपर मान घ्यायची. ती भिंतीला लागत नाही आणि कटर बराच ताठ होतो. आणि 'अ' मध्ये फिनिशिंगला ०.१५ मिमी अलाउन्स होता, तो इथे ०.१ वर आणायचा. त्यासाठी सेमी-फिनिशिंगचा वेगळा पास लागला तरी तो वेळ वसूल होतो.

*स्टेपओव्हर.* सपाट भागावर स्कॅलपची उंची म्हणजे स्टेपओव्हरचा वर्ग भागिले कटर रेडियसची आठपट. 'अ' चा स्टेपओव्हर ०.२५ होता, ३ च्या रेडियसने २.६ मायक्रॉन येतात. मर्यादा ३ मायक्रॉन असेल तर ठीक. पण वक्र भागावर पृष्ठभागाचा स्वतःचा रेडियसही हिशेबात येतो: बहिर्वक्र असेल तर दोन्ही रेडियसच्या व्यस्तांची बेरीज, अंतर्वक्र असेल तर वजाबाकी. ४ च्या फिलेटमध्ये तोच स्टेपओव्हर ०.७ मायक्रॉनपेक्षा कमी स्कॅलप सोडतो, म्हणजे तिथे पास विनाकारण दाट आहेत. शेजारी ६ मिमी रेडियसचा बाहेर फुगलेला खांदा असेल तर मात्र ३.९ मायक्रॉन होतात आणि मर्यादा ओलांडली जाते, तिथे ०.२१ घ्यावा लागेल. 'अ' च्या जॉबमध्ये खांदा सपाट होता म्हणून ०.२५ चाललं, आणि तेवढंच डोळ्यासमोर ठेवलं तर इथे पॉलिशवाल्याचं काम वाढतं.

*वेग.* सर्वांत जास्त कटर इथे खराब होतात, म्हणून सावकाश बघू. 'ब' मध्ये ४ मिमीचा बॉलनोज १६,००० आरपीएमला, ०.१ खोलीने चालला होता. तळावर प्रत्यक्ष व्यास १.२५ मिमी, वेग मिनिटाला ६३ मीटर. भिंतीवर पूर्ण ४ मिमी धरले तर २०१ मीटर. नवा कटर ६ चा आहे. तळावर त्याचा प्रत्यक्ष व्यास १.५४, म्हणून तोच ६३ चा वेग १३,००० आरपीएमला मिळतो. भिंतीवर २०१ मीटर ठेवायचे तर १०,६०० आरपीएम. फिलेट तळापासून भिंतीपर्यंत चढतो, त्यामुळे तिथे कमीवाला आकडा घ्यावा.

१६,००० हा आकडा तसाच उचलला असता तर भिंतीवरचा वेग दीडपट झाला असता. टेलर यांनी २० व्या शतकाच्या सुरुवातीला मांडलेल्या संबंधाप्रमाणे वेग गुणिले टूल-लाइफचा ठरावीक घात हा गुणाकार स्थिर राहतो. कार्बाइडसाठी तो घात ०.२५ च्या आसपास धरतात. वेग दीडपट केला की आयुष्य पाचव्या हिश्श्यावर येतं. मग "हा ग्रेड चालत नाही" असा शेरा तक्त्यात जातो आणि चांगल्या ग्रेडचं नाव बदनाम होतं.

थोडक्यात, केसमधून आरपीएम कधीच उचलू नये. त्या भागावरचा प्रत्यक्ष वेग आणि प्रत्यक्ष चिप जाडी उचलावी, आरपीएम आणि फीड नव्याने काढावेत.

*आकाराचा प्रकारही तपासा.* बॉलनोज सवयीने सगळीकडे लागतो. तळ बऱ्यापैकी सपाट असेल तर बुलनोज (सपाट टोकाचा, गोल कोपऱ्यांचा कटर) टोकाच्या शून्य वेगाची अडचणच ठेवत नाही. पाच अक्षांची सोय असेल तर बॉलनोज १५ अंश कलवून बघा: वरच्या १० मिमीच्या उदाहरणात प्रत्यक्ष व्यास २.८ वरून ५.२ वर जातो. लांब, मंद वळणाच्या पृष्ठभागावर बॅरल कटर (बाजूला मोठ्या रेडियसची फुगीर कड असलेला) फार मोठा फरक पाडतो. २ मायक्रॉन स्कॅलपसाठी ५ च्या रेडियसला ०.२८ स्टेपओव्हर मिळतो, ८० च्या रेडियसला १.१३, पास एक चतुर्थांश होतात. जुन्या तक्त्यात बॅरल कटरची एकही केस नसेल तर तक्ता तो कधीच सुचवणार नाही. तक्त्याला माहीत असतं फक्त आपण केलेलं. म्हणून अधूनमधून एखादा कमी जोखमीचा भाग मुद्दाम नव्या प्रकाराने करून बघावा आणि नोंदवावा.

पायरी ६: चाचणी घ्या

सिम्युलेशनमध्ये होल्डरसकट टक्कर तपासा. मग त्याच हार्डनेसच्या तुकड्यावर किंवा जॉबच्या कमी महत्त्वाच्या भागावर छोटा पट्टा कापा. रनआऊट कटर होल्डरमध्ये बसवल्यावर मोजा. दातामागे फीड ०.०५ मिमी असताना रनआऊट ०.०१ असेल तर एक दात ठरवलेल्यापेक्षा कितीतरी जास्त काम करतोय. थोडं कापून झाल्यावर कटर काढून भिंगाखाली बघा. झीज टोकाशी आहे की बाजूला, हे पाहिल्यावर आरपीएम कुठल्या भागासाठी सुधारायचा ते लगेच कळतं.

पायरी ७: परत साठवा, फसलेलं आधी

यशस्वी केसेस सगळे लिहितात. मोडलेला कटर, चॅटरच्या खुणा, कमी पडलेली पोहोच या नोंदी मात्र गाळल्या जातात, आणि दोन वर्षांनी दुसरा प्रोग्रामर तोच कटर तिथेच मोडतो. फसलेल्या केसला वेगळा रंग द्या आणि साम्य मोजताना तीही येऊ द्या. नवा भाग तिच्याशी जास्त जुळत असेल तर सूचना त्याच क्षणी समोर यायला हवी. लिहिताना कारण शोधायचं, माणूस नव्हे. ऑपरेटरला दोष लागेल अशी भीती असली की खरी नोंद येणारच नाही. नोंद ऑपरेटरने सांगावी आणि प्रोग्रामरने त्याच दिवशी भरावी, कारण झीज कुठे होती हे आठवड्यानंतर कुणालाच नीट आठवत नाही.

एकसारख्या वीस केसेस साठवून उपयोग नाही. नवी केस जुन्या एखाद्या केसशी ०.९५ पेक्षा जास्त जुळत असेल आणि निकालही तोच असेल तर वेगळी ओळ नको. जुन्या ओळीत "पुन्हा यशस्वी" असा आकडा वाढवा. निकाल वेगळा आला असेल तर मात्र ती ओळ स्वतंत्र ठेवा आणि फरक कशामुळे पडला ते शोधा. बहुतेकदा तक्त्यात नसलेला एखादा गुणधर्म हाती लागतो: होल्डरचा प्रकार, दोन सेटअपमधला क्लॅम्पिंगचा फरक, किंवा एकाच नावाच्या स्टीलची वेगळी उष्णताप्रक्रिया. त्याला नवा रकाना द्या.

उत्पादकाने ग्रेड बंद केला किंवा कोटिंग बदललं, की त्या केसेसमधला ग्रेड आणि वेगाचा भाग "जुना" म्हणून खूण करा आणि दुसऱ्या मोजणीतून वगळा. त्यांची भूमिती मात्र पहिल्या मोजणीत राहू द्या. ४ मिमीच्या फिलेटमध्ये ३ चा रेडियस, ३४ मिमी पोहोच आणि टेपर मान हे उत्तर पुढची कैक वर्षं तसंच लागू राहतं.